प्लगचा ‘गॅप’: फट, भेग, अंतर की मोकळीक?

प्रश्न : इंजिनाच्या देखभालीवर मराठीत लिहितो आहे. ‘नवा स्पार्क प्लग बसवण्याआधी त्याची भेग तपासा’ असं वाक्य केलं, पण ते कानाला खटकतंय. ‘गॅप’च ठेवू का?

प्रतिसाद : खटकतंय ते बरोबरच आहे. भेग एकाच वस्तूला पडते आणि ती नुकसानीची खूण असते. भिंतीला भेग, टाचेला भेग. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीलाही भेग जाते आणि तसा प्लग टाकूनच द्यावा लागतो. म्हणजे तुमचं वाक्य वाचणारा भलतंच शोधत बसेल! दोन वस्तूंच्या मध्ये राहते ती फट, जशी दार आणि चौकटीमधली. इथे मधला इलेक्ट्रोड (ठिणगीसाठीचं धातूचं टोक) आणि त्याच्यावर वाकलेला बाजूचा, या दोघांमधली. ‘फट ०.८ मिमी ठेवा’ हे मला सरळ मराठी वाटतं.

प्रश्नकर्ता : मग ‘अंतर’ का नको? आणि ‘मोकळीक’?

प्रतिसाद : फट ही जागा, अंतर हे तिचं माप. एनजीके या प्लग बनवणाऱ्या कंपनीच्या बऱ्याच प्लगांच्या क्रमांकाअखेरचा ९ म्हणजे ०.९ मिमी, ११ म्हणजे १.१ मिमी. तिथे ‘अंतर’ शोभतं. (आपल्या इंजिनाला किती हवं ते मात्र गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावं.) मोकळीक हा शब्द मी टॅपेटसाठी, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या भागासाठी, राखून ठेवीन. तिथे भाग हलतात, तापून वाढतात, त्यांना वाव द्यायचा असतो. प्लगच्या फटीत काहीच हलत नाही, फक्त ठिणगी उडी मारते. फट जास्त झाली तर इंजिनावर भार येताच ती उडी चुकते आणि गाडी मिसिंग करते, म्हणजे अडखळत चालते. फारच कमी असेल तर ठिणगी इतकी तोकडी पडते की मिश्रण नीट पेटत नाही.

दुसरा प्रतिसाद : क्रियापदाकडेही बघा. नव्या प्लगची फट आपण ‘लावतो’, वापरात ती ‘रुंदावते’, कारण टोकं झिजतात. कमी करताना बाजूचा इलेक्ट्रोड हलकेच आत दाबायचा. वाढवतानाही मधल्यावर टेकू घेऊन तरफेसारखं उचकटायचं नाही, नाहीतर आधी सांगितलेली चिनीमातीची ‘भेग’ खरोखरच येईल. इरिडियमचं टोक तर फार नाजूक. त्यात गेज (फट मोजायची पट्टी) कोंबूही नये.

आणखी एक. पुष्कळ जण ‘फिलर गेज’ लिहितात, त्यामुळे ते फट भरायचं काहीतरी वाटतं. शब्द ‘फीलर’ आहे, चाचपणारा. पट्टी किंचित अडत सरकली की माप जुळलं, ते बोटांनाच कळतं. म्हणून मी ‘चाचणपट्टी’ लिहितो.

प्रश्नकर्ता : ‘चाचणपट्टी’ घेतो. वाक्य असं केलं : ‘नवा प्लग बसवण्याआधी चाचणपट्टीने त्याची फट मोजा.’