घोडेबाजाराचं तैलचित्र: घोड्यांचे पाय जमत नाहीत, मदत हवी

हेमंती_नाशिक
नमस्कार मंडळी. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचं तैलचित्र करायला घेतलंय, कॅनव्हास तीन बाय चार फुटी. दत्तजयंतीच्या यात्रेत मोबाइलवर भरपूर फोटो काढले होते, त्यावरूनच काम चाललंय. धूळ, तंबू, फेटेवाले, सगळं जमतंय. घोडे मात्र फळीला खुंट्या ठोकल्यासारखे उभे राहतात. पुढे एक काळा घोडा आहे, त्याची गोलाई दिसतच नाही, नुसता डाग. कुणी तैलरंगात जनावरं केली असतील तर सांगा. ‘फोटो ट्रेस कर’ हा सल्ला घरून मिळालाय, तो नको.

निवृत्त_ड्रॉइंगमास्तर
हेमंतीताई, फोटो बाजूला ठेवा आणि फ्रेंच चित्रकार रोझा बॉनर यांचा ‘घोडेबाजार’ मोठा करून बघा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमचं चित्र, सुमारे आठ फूट उंच, साडेसोळा फूट रुंद. १८५३च्या पॅरिस सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, ते लागलं तेव्हा बाई जेमतेम तिशी ओलांडलेल्या. बाजार पॅरिसमधलाच. तिथे त्या दीड वर्ष आठवड्यातून दोनदा जाऊन स्केच करत, तेही पुरुषी कपड्यांत, म्हणजे घोडेवाल्यांच्या गर्दीत कुणी बघत बसणार नाही. त्या काळी तिथे बाईने पॅन्ट घालायची तर पोलिसांचा परवाना लागे! जनावराचं शरीर कळावं म्हणून कत्तलखान्यातही जात. (माझ्या वर्गातली मुलं मांजर काढायला सांगितलं तरी मोबाइल उघडायची. असो.)

आता पाय. घोड्याच्या पुढच्या पायात मध्यावर दिसतो त्या सांध्याला आपण गुडघा म्हणतो, पण हाडांच्या हिशेबाने ते मनगट. मागच्या पायाचा टोकदार सांधा म्हणजे टाच. खरं कोपर आणि खरा गुडघा वर, पोटाच्या रेषेपाशी. हे एकदा हातात बसलं की पाय पोटाखालून फुटत नाहीत, खांद्यातून आणि पुठ्ठ्यातून (ढुंगणाच्या भागातून) येतात. बॉनरच्या पेर्शेरों जातीच्या दणकट फ्रेंच घोड्यांचे पुठ्ठेच बघत बसा, बाकी काही बघू नका.

काळ्या घोड्याला ट्यूबमधला काळा लावू नका. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर तपकिरी मिसळा. पाठीवर आभाळ पडतं, तिथे निळसर. पोटाखाली मातीवरचा उजेड परततो, तिथे तांबूस. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, जवसाचं तेल वरच्या थरांत. उलट केलंत तर पुढे तडे जातात.

लंडनकर
मास्तर, आकार सांगून घाबरवू नका. याच चित्राची लहान आवृत्ती इथे नॅशनल गॅलरीत आहे. तिची सुरुवात बॉनरची मैत्रीण नाताली मिका हिने केली, शेवटचा हात बॉनरचा. मला त्यात आवडतं ते घोड्यांचं वळण. रांग नाही, गोल फेरा आहे, म्हणून काही घोडे पाठमोरे, काही अंगावर येणारे. हेमंती, तुमचे सगळे घोडे एका बाजूनेच दिसत असतील तर आधी ते मोडा.

दोंडाईचेकर
चित्रातलं मला कळत नाही, घरात आजोबांपासून घोडी आहेत एवढंच. ताई, दुडक्या चालीत पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय बरोबर उचलतो. रेवाल चालीत एकाच बाजूचे दोन पाय जवळजवळ सोबत चालतात, म्हणून वर बसणाऱ्याला धक्का लागत नाही. फोटोत कोणती चाल आहे ते आधी बघा, दोन्हींची सरमिसळ नको. दुसरं, मारवाडी-काठेवाडी घोड्याचे कान आत वळून टोकाला टोक भिडतात. ते फ्रेंच घोडे बघून सरळ कान काढाल तर यात्रेतलं पोरगंसुद्धा हसेल. आणि पंचकल्याणी काढणार असाल तर चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा. एक जरी राहिला तरी तो पंचकल्याणी नाही.

हेमंती_नाशिक
दादा, हे कुठल्याच पुस्तकात मिळालं नसतं. मास्तर, यंदा तिथे बसूनच रंगवायचं म्हणतेय. रंगपेटी आणि स्टँड नेऊ का?

निवृत्त_ड्रॉइंगमास्तर
नको. ओल्या तैलरंगात धूळ बसली की निघत नाही, आणि तिथे धुळीशिवाय आहे काय! वही आणि मऊ पेन्सिली न्या. एकच घोडा धरा, आज मान, उद्या पुठ्ठा, परवा नुसते खूर. रंगांची नावं कडेला लिहून ठेवा, रंगवणं घरी. मालकाला विचारून बसा, आणि घोड्याच्या मागे बसू नका.

दोंडाईचेकर
बाजूलाही जरा लांबच. आमच्या राहुटीवर या, चहा होईल.