बी.एस्सी.नंतर संशोधन नको का वाटते: न्यूनगंड की हिशेब?

रसायनशाळा: "विज्ञानाच्या मुलांत जिद्दच उरलेली नाही, म्हणून ती एमपीएससीच्या मागे लागतात," असे स्पष्टवक्ता यांनी काल लिहिले. वीस वर्षे पदवीच्या वर्गाला शिकवत असल्याने हे मला मुकाट्याने गिळता येईना. आमच्याकडे प्रथम वर्षाला येणाऱ्या कितीतरी मुलांवर 'मेडिकलला नंबर लागला नाही' हा शिक्का घरच्यांनीच मारलेला असतो. गेल्या वर्षी एका मुलीला टायट्रेशनमध्ये तिन्ही वेळा ९.८ मिली रीडिंग आले, पण शेजारच्याचे १०.४ दिसताच तिने स्वतःचे खोडून त्याचे उतरवले. मी पुन्हा करायला लावले, तेव्हाही ९.८च आले. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली आत्मक्षमतेची कल्पना हेच सांगते, की आपल्याला जमेल असे ज्याला वाटत नाही, तो त्या वाटेला जातच नाही.

स्पष्टवक्ता: संशोधनासाठीची नेट-जेआरएफ शिष्यवृत्ती मिळवणाऱ्याला २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. अभ्यास करायचा नाही आणि मग मानसशास्त्राचा आधार घ्यायचा, हे मला पटत नाही.

तासिकावाला: तुम्ही दोघेही मूळ दुखणे सोडून बोलत आहात. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले, सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालो आणि सात वर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवले. मानधन महिनोन्महिने अडकून राहायचे, उन्हाळ्याच्या सुट्टीत तर एक पैसाही मिळत नसे, आणि दर जूनला नव्याने मुलाखत द्यावी लागे. एका दिवाळीला वडिलांनी माझ्या हातावर पाचशेची नोट ठेवली, तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. शेजारी बसलेल्या धाकट्या भावाने ते पाहिले आणि बी.एस्सी. होताच तो बँकेच्या परीक्षेला बसला. त्याला न्यूनगंड नव्हता, त्याला हिशेब कळत होता.

स्पष्टवक्ता: प्रत्येक धागा तासिका तत्त्वावर नेऊन ठेवायचा, ही तुमची सवयच झाली आहे.

तासिकावाला: पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली, म्हणून तो विषय निघतो. ज्या प्राध्यापकाकडे पाहून मुलांनी स्वप्न बघायचे, तोच संध्याकाळी खासगी क्लासमध्ये अकरावीला शिकवत असेल, तर मुलांनी कोणता धडा घ्यायचा?

रसायनशाळा: तुमचा राग मला समजतो, पण भावाने जे केले तेही बांडुरा यांच्या मांडणीतच बसते. दुसऱ्याचे काय होते हे पाहून माणूस स्वतःचा अंदाज बांधतो, असे त्यांनीच म्हटले आहे. मात्र ज्या वाटेचे टोकच बंद आहे, तिथे नुसता आत्मविश्वास वाढवून भागणार नाही, हे मला मान्य करावे लागेल.

टीवायबीएस्सी: मी तृतीय वर्षाला आहे आणि आमच्याबद्दल चाललेले हे सारे वाचते आहे. 'आविष्कार' या विद्यार्थ्यांच्या संशोधन स्पर्धेत माझे पोस्टर विद्यापीठ पातळीपर्यंत गेले, तेव्हा पहिल्यांदा वाटले की हे आपल्याला जमते. घरी सांगितले, तर आई म्हणाली, "पीएच.डी. होईपर्यंत तू अठ्ठावीसची होशील." तिच्या डोळ्यांपुढे माझे लग्न होते, आणि त्यावर माझ्याकडे ना जिद्दीचे उत्तर होते, ना हिशेबाचे.

स्पष्टवक्ता: जिद्द नाही हे माझे वाक्य या मुलीपुरते मी मागे घेतो, बाकीच्यांबद्दल नाही.

तासिकावाला: बाळ, जॅमचा, म्हणजे आयआयटीतल्या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचा, अर्ज भरून ठेव. आईशी बोलायला निकालापर्यंतचा वेळ तुझ्या हाती राहील.