वादविवादाला अनुकूल बाजू आली, पण बाबांच्या प्रश्नाला उत्तर सापडेना

कृष्णाकाठची:
नमस्कार. मी सांगलीत विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या शनिवारी आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा आहे. विषय असा: 'या सभागृहाचे असे मत आहे की, मानवी हक्क पायदळी तुडवणाऱ्या राष्ट्राला सार्वभौमत्वाची ढाल घेता येणार नाही.' चिठ्ठी काढली, अनुकूल बाजू आली. सात मिनिटं भाषण, सहाव्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा, मग प्रतिपक्षाचे प्रश्न आणि दोन मिनिटं खंडन.

भाषण लिहून झालंय. सुरुवात 10 डिसेंबर 1948 च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यानं, मग रवांडातला 1994 चा नरसंहार, मग संयुक्त राष्ट्रांच्या 2005 च्या शिखर परिषदेतली 'संरक्षणाची जबाबदारी', म्हणजे एखादं सरकार आपल्या लोकांना कत्तलीपासून वाचवत नसेल तर ती जबाबदारी जगावर येते हे तत्त्व. सरांनी वाचलं आणि "निबंध छान झालाय" एवढंच म्हणाले. हे कौतुक नाही, हे इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको.

त्यात परवा रात्री बाबांना विषय सांगितला. ते एसटीत कंडक्टर आहेत. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "म्हंजे आमच्या घरात भांडण लागलं की गल्लीतला दांडगा काठी घेऊन आत येणार? आणि दांडग्याच्या घरात लागलं तर कोण जाणार?" मला काही सुचेना. आई हसायला लागली. प्रतिपक्षानं हेच विचारलं तर काय बोलू? उदाहरणं आपल्या जवळची असली तर बरं. परीक्षकांत एक निवृत्त न्यायाधीश आहेत.

तिसरी_घंटा:
सर्वात आधी रवांडा काढून टाक. मीही एकेकाळी तेच उदाहरण देऊन करंडक घालवलाय, म्हणून सांगतो.

1994 मध्ये संयुक्त राष्ट्रांचं सैन्य रवांडात आधीपासून होतं, तेही संमतीनं. कत्तल सुरू झाल्यावर 21 एप्रिलला सुरक्षा परिषदेनं ठराव 912 केला आणि ते सैन्य 270 माणसांवर आणलं. सार्वभौमत्वानं कुणाची वाट अडवली नव्हती, जायची कुणाला इच्छाच नव्हती. वर त्या वर्षी रवांडा स्वतः सुरक्षा परिषदेचा सदस्य होता! ज्या राजवटीवर आरोप, तिचाच माणूस टेबलाशी बसलेला. तुझ्या प्रतिपक्षातलं पोरगं हुशार असेल तर या एका गोष्टीवर तुला बसवेल.

त्याऐवजी 1946 घे. दक्षिण आफ्रिकेनं तिथल्या भारतीयांच्या जमीनखरेदीवर आणि राहण्याच्या जागांवर बंधनं घालणारा कायदा केला. भारत अजून स्वतंत्र झालेला नव्हता, तरी जूनमध्ये तक्रार संयुक्त राष्ट्रांकडे गेली. न्यूयॉर्कला आपल्या शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित होत्या आणि सोबत मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती छागला. समोर खुद्द पंतप्रधान स्मट्स, म्हणजे ज्यांचा संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या प्रास्ताविकाच्या मसुद्यात हात होता तेच गृहस्थ! 'मूलभूत मानवी हक्कांवरील श्रद्धा' हे शब्द त्याच प्रास्ताविकातले. आणि ते उभे कशावर राहिले? त्याच सनदेचं कलम 2, पोटकलम 7. हा आमचा अंतर्गत मामला आहे, इथं चर्चाच होऊ शकत नाही. फार तर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारा, असंही म्हणून पाहिलं.

8 डिसेंबरला मतदान झालं. ठरावाच्या बाजूनं 32, विरोधात 15. दोन तृतीयांश बहुमत लागणार होतं. 47 चे दोन तृतीयांश काढून बघ. एक मत इकडचं तिकडं झालं असतं तर ठराव पडला असता. निवृत्त न्यायाधीशांसमोर हा हिशेब तोंडी मांड, कागद बघू नकोस.

वडिलांचा प्रश्न मात्र तुझ्या सगळ्या भाषणापेक्षा भारी आहे. पण त्यात काठी त्यांनी घातलीय, विषयात काठी नाही. 1946 ला काठी कुणी उचललीच नव्हती. शेजारी चावडीत उभा राहून म्हणाला, "अहो, यांच्या घरातून माझ्या माणसांच्या रडण्याचा आवाज येतोय." त्यावर घरमालकाचं म्हणणं होतं की चावडीत हा विषय काढायचाच नाही. ढाल ती. तिच्यावर बोल, सैन्यावर आपणहून जाऊ नकोस.

फोंड्याहून:
1946 म्हटलं की आम्हां गोंयकारांना 18 जून आठवतो, पोर्तुगीज राजवटीविरुद्धची मडगावची राममनोहर लोहियांची सभा. तेव्हा इथं साधी लग्नपत्रिका छापायची तर सेन्सॉरकडे जावं लागे. माझ्या आज्याला शाळेत पोर्तुगालमधल्या नद्या पाठ होत्या, मांडवी कुठं उगम पावते ते विचारलं की गप्प.

ताई, गोव्याचं उदाहरण तुला लागू पडतं, पण दोन्ही बाजूंनी धार आहे. 1951 मध्ये पोर्तुगालनं घटना बदलली आणि वसाहतींचं नाव 'सागरापारचे प्रांत' असं केलं. 1955 ला संयुक्त राष्ट्रांत शिरल्यावर सांगितलं की आमच्याकडे वसाहती नाहीतच, हा सगळा पोर्तुगालच. म्हणजे नुसत्या पाटीबदलानं अंतर्गत मामला तयार. आमसभेनं 15 डिसेंबर 1960 ला ठराव 1542 करून ते नाकारलं आणि पोर्तुगालच्या वसाहतींच्या यादीत गोव्याचं नाव घातलं.

आता दुसरी धार. 18 डिसेंबर 1961 ला भारतीय सैन्य गोव्यात असताना सुरक्षा परिषद बसली. युद्धबंदी करा आणि भारतानं सैन्य मागं घ्यावं, या मसुद्याला 7 मतं मिळाली, विरोधात 4. सोव्हिएत नकाराधिकारामुळं तो बारगळला. त्या सातांत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स होते. त्यांचा मुद्दा कलम 2(4), बळाचा वापर नको. माझ्या घरात या विषयावर कायद्याचं नाव काढलं तर जेवण मिळणार नाही, पण स्पर्धेत तो मुद्दा समोरून येणार हे धरून चाल.

आणि छागलांचं नाव निघालंच आहे तर एक जोड. दादरा-नगर हवेलीवरून पोर्तुगालनं भारताला हेगच्या न्यायालयात खेचलं, तेव्हा भारताच्या बाजूचे तदर्थ, म्हणजे त्या खटल्यापुरते नेमलेले, न्यायाधीश छागलाच होते. निकाल 12 एप्रिल 1960 चा. भारतातून तिथं जायला पोर्तुगालची खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती, सैन्य आणि शस्त्रांना नव्हती, आणि भारतानं काही कर्तव्य मोडलं नाही.

आडवा_प्रश्न:
सगळे अनुकूल बाजूलाच पाणी घालताय, म्हणून मी प्रतिपक्षाचा वक्ता होतो. चालेल ना?

बाई, 1946 ला भारत कलम 2(7) ला ढाल म्हणाला, मान्य. मग आज आपल्याबद्दल परदेशी समितीनं अवाक्षर काढलं की आपलं परराष्ट्र खातं काय म्हणतं? 'अंतर्गत बाब.' छळविरोधी करारावर 1997 मध्ये सही केली, अजून अनुमोदन दिलेलं नाही. ढाल कुणी टाकलीय इथं?

पुढं. 26 फेब्रुवारी 2011, लिबियाचं प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे पाठवण्याचा ठराव एकमतानं झाला. भारत परिषदेवर होता, हात वर केला. त्या न्यायालयाचा भारत आजही सदस्य नाही! तीनच आठवड्यांनी, 17 मार्चला, ठराव 1973 आला, नागरिकांच्या रक्षणासाठी बळ वापरण्याचा. तिथं भारत तटस्थ राहिला. ब्राझील, चीन, जर्मनी, रशियाही. दहा मतांनी ठराव झाला आणि नागरिकांच्या रक्षणाला निघालेली विमानं राजवट उलथवेपर्यंत थांबली नाहीत. त्यानंतर लिबियाच्या लोकांच्या हक्कांचं काय झालं ते सांगा आणि मग माझ्याकडून टाळी घ्या.

वडिलांना माझा नमस्कार सांगा. दांडग्याच्या घरात कोण जाणार, याचं उत्तर तुमच्या कुठल्याच ठरावात नाही.

तिसरी_घंटा:
1971 का नाही काढलंस रे? सोयीचं नाही म्हणून?

आडवा_प्रश्न:
काढतो की. एक कोटीच्या आसपास निर्वासित, पूर्व बंगालात कत्तल, आणि भारत उतरला. पण 7 डिसेंबर 1971 ला आमसभेत युद्ध थांबवून सैन्य मागं घ्या म्हणणारी 104 राष्ट्रं होती, विरोधात 11. त्यांतली कितीतरी नुकतीच स्वतंत्र झालेली, काल-परवापर्यंत गुलाम. त्यांना बंगाली माणसाचं दुःख कळत नव्हतं असं नाही. आज ढाका, उद्या आपण, ही भीती होती. आणि भारतानंसुद्धा 3 डिसेंबरच्या पाकिस्तानी हवाई हल्ल्यावर, स्वसंरक्षणावरच भर दिला. माझ्या मते भारतानं तेव्हा केलं ते बरोबरच केलं. पण त्याचा नियम करायला मी तयार नाही. इथं मी वक्ता म्हणून बोलत नाहीये, खरंच बोलतोय.

कृष्णाकाठची:
बाप रे. काल रात्री अडीचपर्यंत जागून नवीन भाषण लिहिलं. रवांडा गेला, जाहीरनामा शेवटी एका वाक्यात. सुरुवात 32 विरुद्ध 15. सर म्हणाले, "आता भांडायला लागलीस." पण आडवा_प्रश्न यांच्या 'ढाल कुणी टाकलीय'ला अजून नीट उत्तर नाही. भारत दुटप्पी आहे हे कबूल करून टाकू का?

काळा_कोट:
कबूल कर, पण अर्ध्या वाक्यात, आणि थांबू नकोस. सगळेच दुटप्पी आहेत, म्हणून नियम खोटा ठरत नाही. चोरसुद्धा आपलं घर फोडल्यावर पोलिसात जातो.

कुलभूषण जाधव खटला वापर. पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयानं फाशी सुनावली. आपल्याच देशात, आपल्याच कायद्यानं दिलेला निकाल, यापेक्षा जास्त 'अंतर्गत' काय असतं? भारत हेगला गेला तो वकिलातीतल्या अधिकाऱ्यांना भेटू न दिल्याबद्दल, व्हिएन्ना कराराचं कलम 36. आणि न्यायालयाला हात घालता आला तो का? तर दोन्ही देशांनी आपणहून त्या कराराचा वैकल्पिक शिष्टाचार, म्हणजे वाद झाला तर या न्यायालयात न्यायचा जोडकरार, स्वीकारला होता. 17 जुलै 2019, 15 विरुद्ध 1. तो एक म्हणजे पाकिस्ताननं नेमलेले तदर्थ न्यायाधीश.

निकालाचा दुसरा भाग विसरू नकोस. भारतानं शिक्षा रद्द करून सुटका मागितली होती, ती दिली नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, मार्ग तुम्ही निवडा, असं पाकिस्तानला सांगितलं. घरात घुसले नाहीत, उंबऱ्यावर उभं राहून हिशेब मागितला. वडिलांना हे पटेल बहुतेक.

न्यायाधीश आहेत म्हणतेस तर 'विम्बल्डन' जहाजाचा 1923 चा निकालही खिशात ठेव. टेनिसशी संबंध नाही, हसू नकोस. करार करून स्वतःवर बंधन घालून घेता येणं हे सार्वभौमत्वाचंच लक्षण आहे, असं तेव्हाच्या हेगच्या न्यायालयानं म्हटलंय. प्रश्नोत्तरात कुणी सार्वभौमत्व गमावल्याची भाषा केली की काढ.

कृष्णाकाठची:
स्पर्धा झाली, म्हणून कळवायला आले. संघ म्हणून तिसरे आलो, खंडनाचं वैयक्तिक बक्षीस मला मिळालं. विम्बल्डन काढायची वेळ आली नाही, उंबरा मात्र चालला. न्यायाधीश साहेबांनी मान हलवलेली मी पाहिली.

नडला वेगळाच प्रश्न. कराडच्या मुलीनं शांतपणे विचारलं, "तुमच्या 32 मतांनी दक्षिण आफ्रिकेत काय बदललं?" मी म्हटलं, भारतानं त्याच वर्षी व्यापार तोडला, आणि पुढं वर्षानुवर्षं हा विषय आमसभेत येत राहिला. तिनं विचारलं, "आणि 1948?" घंटा वाजली. वाजली नसती तरी माझ्याकडे काही नव्हतं.

रात्री बाबांना मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकवलं. सगळं ऐकून म्हणाले, "आणि त्या स्मट्सचं काय झालं?" मी सांगितलं, मे 1948 च्या निवडणुकीत हरले, स्वतःची जागासुद्धा गेली. "बघ!" म्हणून मांडीवर थाप मारली. मग मी सांगितलं की जे जिंकले त्यांनी वर्णभेदाचं राज्य आणलं, आणि ते जायला 1994 उजाडलं. बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पहाटे पंढरपूरची ड्यूटी आहे. उरलेलं उद्या सांग."