1251 किलोहर्ट्झ : सांगली आकाशवाणीच्या आठवणींचा अनुभव धागा

दक्षिण महाराष्ट्रात ज्यांचे बालपण किंवा तारुण्य 1965 ते 1995 च्या दरम्यान गेले, त्यांतल्या बहुतेकांच्या कानात "हे आकाशवाणीचं सांगली केंद्र आहे" हे वाक्य आणि त्याच्यामागून येणारे 239.8 मीटर, म्हणजेच 1251 किलोहर्ट्झ, हे आकडे अजूनही पक्के बसलेले असतील. हे केंद्र 1963 साली सुरू झाले. मुंबई, नागपूर आणि पुणे ही केंद्रे त्याच्या आधीची, आणि रेडिओच्या आठवणी निघाल्या की बोलणे फिरून फिरून पुण्याच्या गीतरामायणावर, मुंबईच्या 'कामगार सभे'वर किंवा रेडिओ सिलोनच्या बिनाका गीतमालेवरच येते. ते सारे थोर होते यात वाद नाही, पण ते दुरून येत होते. आपल्या गावाचे नाव न अडखळता घेणारे, आपल्या नदीचे पाणी आणि आपल्या पेठेतला हळदीचा भाव सांगणारे केंद्र ही वेगळी गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल फारसे लिहिले गेलेले नाही. गाण्यांच्या याद्या देऊ नयेत एवढीच विनंती, त्या कुठेही मिळतात. केंद्राचे तुमच्या घरात, शेतात, दुकानात नेमके काय स्थान होते, ते लिहावे. सुरुवात मी करतो.

सांगली, गावभाग

आमच्या घरी भिंतीवर घड्याळ होते, पण त्याला किल्ली द्यायची आठवण क्वचितच कोणाला राहत असे, कारण सकाळ चालायची ती रेडिओवर. सहाच्या आधी वॉल्टर कॉफमन यांची ती संकेतधून, मग वंदे मातरम. सहा पंचावन्नला संस्कृत बातम्यांचे "इयम् आकाशवाणी" ऐकू आले की अंथरुणे गुंडाळलेली असायला हवीत आणि सात पाचला पुण्याहून बातम्या देणाऱ्या सुधा नरवणे यांचा आवाज आला की बंबातले पाणी कोणाच्या वाट्याला, यावरून सुरू असलेला वाद संपलेला असायला हवा, असा आजोबांचा दंडक होता. साडेआठच्या दिल्लीच्या मराठी बातम्या घरात ऐकल्या, तर शाळेत उशीर ठरलेलाच. रेडिओच्या परवान्याचे पुस्तक आजोबा कपाटात कुलपात ठेवत आणि दरवर्षी पोस्टात जाऊन त्यावर शुल्काची नोंद करून आणत. ऐंशीच्या दशकात परवाना रद्द झाला, तेव्हा त्यांना आनंद होण्याऐवजी थोडे वाईटच वाटले असावे.

कराड

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो. त्यानंतर कित्येक आठवडे आमची सारी गल्ली रात्री उघड्यावर झोपत असे. थंडीचे दिवस, धक्के तर अधूनमधून चालूच, आणि सहा वर्षांपूर्वी फुटलेले पानशेत धरण सर्वांच्या डोक्यात असल्यामुळे धरणाविषयी रोज नवी आवई उठायची. शेजारी एकांकडे भोकाभोकांच्या चामडी वेष्टनातला ट्रान्झिस्टर होता. संध्याकाळी जमीन हलली की लोक आधी मुलांना मोजत आणि लगेच त्या शेजाऱ्यांना ट्रान्झिस्टर लावायला सांगत. बातम्यांची वेळ असो वा नसो, त्याने काही बिघडत नसे. एकदा कोणीतरी शेतकऱ्यांसाठी बियाण्यांची माहिती सांगत होते आणि ती ऐकून गल्लीतल्या एक आजी म्हणाल्या, "सांगली बोलतीय न्हवं, मग काय न्हाई झालं. झोपा आता." आणि लोक खरोखरच झोपले.

मिरज

आमचे घराणे तंतुवाद्ये बनवणाऱ्यांचे. गायनाच्या ध्वनिमुद्रणाआधी तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा भरीव, गुंजणारा नाद, बिघडलेली असली तर वडिलांना कधीकधी सांगलीला बोलावणे येई आणि शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्या सायकलवर मागे बसून जात असे. स्टुडिओचे ते जाड दुहेरी दार बंद झाल्यावर जी शांतता पडे, तशी मी आयुष्यात कुठेच अनुभवली नव्हती, कारण आमच्या कारखान्यात दिवसभर रंधा, कानस आणि सहा जणांच्या गप्पा यांतूनच सूर शोधावा लागे. वडील घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कान टेकल्यासारखे वाकून तारेखालचा सुती दोरा केसभर पुढे, केसभर मागे सरकवत. एका जागी दोरा आला की तोवर मुकाट असलेली तार एकाएकी भरून बोलू लागे, आणि तो फरक मला पहिल्यांदा नीट ऐकू आला तो त्या खोलीत. कार्यक्रम प्रसारित व्हायचा त्या रात्री आमच्या वॉल्व्हच्या रेडिओसमोर सारे घर बसायचे. वडील मात्र फक्त तंबोरा ऐकायचे. गाणाऱ्या बाई कोण, त्यांनी राग कोणता घेतला, यातले त्यांना काही विचारले तर ते हाताने गप्प बसा असे खुणावत. गवयांना आवाजाच्या परीक्षेत श्रेणी मिळते, 'बी', 'बी हाय', 'ए' अशी. जवारी काढणाऱ्याला कोण श्रेणी देणार? माझ्या मते वडिलांनी ती स्वतःच स्वतःला त्या रात्री देऊन टाकलेली असायची.

निपाणी

1956 च्या राज्यपुनर्रचनेत आमचे गाव कर्नाटकात, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, गेले, पण रेडिओच्या काट्याला राज्याची सीमा माहीत नव्हती. 765 वर धारवाड आणि 1251 वर सांगली, या दोहोंच्या मध्ये आमच्या घरचे राजकारण चाले. वडिलांना धारवाड हवे, कारण तिथे मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल ऐकायला मिळण्याची शक्यता जास्त. आई तंबाखूच्या वखारीत काम करून आलेली असे आणि तिला घरी आल्यावर आपल्या भाषेत कोणीतरी बोललेले हवे असायचे, मग ते पापडाच्या पिठाविषयी का असेना. आज मला दोघांचेही बरोबर वाटते. त्या वेळी अर्थातच मी आईच्या बाजूने होते, कारण काटा फिरवायला ती मला सांगायची.

इचलकरंजी

रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. रात्री सांगली नीट लागत नाही ही तक्रार रोजची आणि बहुतेकदा रेडिओत काहीच बिघाड नसायचा. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत प्रवास करतात. रात्री वातावरणाच्या वरच्या थरांवरून त्या परावर्तित होतात आणि शेकडो मैलांवरची केंद्रे त्याच जागी येऊन गर्दी करतात. हे गिऱ्हाइकाला समजावण्यापेक्षा एरियलची तांब्याची जाळी साफ करून देणे सोपे असे. यंत्रमागांच्या मोटारींची घरघर तर वेगळीच. तरीही रात्रपाळीचे कामगार मागाच्या खडखडाटात पूर्ण आवाजावर रेडिओ लावत. त्यांना काय ऐकू येत होते देव जाणे.

जत

1972 च्या दुष्काळात आम्ही सगळे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होतो. मुकादमाचा ट्रान्झिस्टर बाभळीला टांगलेला असायचा. एकदा त्यावर उसाच्या पाण्याच्या पाळ्यांविषयी बोलणे चालले होते, तेव्हा एक बाई हातातली हातोडी खाली ठेवून म्हणाली, "त्यातलं वाईच हिकडं सोडा म्हणावं." त्या उन्हाळ्यात आम्ही मनापासून हसलो ते एवढेच.

सांगली, पूर्वीची नैमित्तिक निवेदिका

वर गावांच्या नावांचा उल्लेख आला आहे, म्हणून लिहिते. फर्माईशीच्या पोस्टकार्डांवर कधी कधी अख्ख्या गल्लीची नावे असत, आणि गाणे तीन मिनिटांचे असले तरी नावे सगळी वाचायची असा माझा हट्ट असे, कारण गाण्यापेक्षा त्यासाठीच लोक कान लावून बसलेले असत हे मला ठाऊक होते. पावसाळ्यात कोयनेतून किती क्युसेक पाणी सोडले आणि सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा किती फुटांवर आहे, हे वाचावे लागे. 40 फूट ही इशाऱ्याची पातळी, 45 धोक्याची. आमचे स्वतःचे घर कोणत्या आकड्याला पाण्यात जाते हे माहीत असताना तो आकडा सपाट आवाजात वाचणे, हे माझ्या कामातले सर्वांत अवघड वाचन होते, नाटके त्यामानाने सोपी.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. त्या काळी टेप महाग असे आणि स्पूल पुसून त्यावर पुन्हा मुद्रण करणे ही सगळीकडचीच रीत होती. त्यामुळे नामवंतांचे गाणे जपले गेले, पण भाव, पाणी आणि पोस्टकार्डांवरची नावे वाचणारे आवाज बहुतांशी हवेतच गेले. ज्यांनी घरी टेपरेकॉर्डर रेडिओशेजारी ठेवून काही उतरवून घेतले असेल, त्यांनी ती कॅसेट थेट लावून पाहू नये. जुनी फीत गुंडाळली जाऊन तुटते. आधी ती एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून सैल करावी, आणि मगच उतरवून घ्यावी. त्यात गाणे अर्धवट असले तरी चालेल. गाण्याच्या आधी कोण काय बोलले, तेवढे मात्र कापू नका.