आईनंतर भावाचे कसे होणार: निवासी संस्था की गावातच सोय?

प्रश्न (खानापूर तालुका):
माझा धाकटा भाऊ ३८ वर्षांचा असून त्याला जन्मापासून बौद्धिक अक्षमता आहे. तो मोजकेच बोलतो, तेही मराठीतच. पण गेली बारा वर्षे रोज पहाटे किटली घेऊन तो डेअरीवर दूध घालायला जातो आणि मापाची चिठ्ठी न चुकता आईच्या हातात आणून देतो. आई आता ७४ वर्षांची आहे, वडील नाहीत आणि मी नोकरीमुळे बेळगावात राहते. नातेवाईक त्याला संस्थेत ठेवा म्हणतात, म्हणून मी एक निवासी संस्था पाहून आले. तेथे स्वच्छता होती, माणसेही मायाळू होती. मात्र कर्मचाऱ्यांची पाळी बदलते म्हणून संध्याकाळी सातलाच सर्वांना अंथरुणावर पाठवतात आणि सगळे बोलणे कन्नडमध्ये चालते. त्याचे पोट दुखले तर तो कोणाला काय सांगणार, या विचाराने मला झोप लागत नाही. गावातच त्याची सोय करता येईल का?

उत्तर १ (निपाणी):
ताई, राहण्याचा निर्णय सावकाश घ्या, पण कायदेशीर पालकत्वाचा अर्ज आई हयात असतानाच करा. अठरा वर्षे पूर्ण झाली की आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, हे मुलीच्या वेळी मला फार उशिरा कळले. बौद्धिक अक्षमता व तत्सम अक्षमता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास ही सरकारी संस्था आहे; तिच्या राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्तरावरील स्थानिक समिती पालक नेमते, आणि नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीकडे द्यावी लागते. शेताच्या उताऱ्यावर भावाचे नाव असेल, तर ही यादीच उद्या त्याच्या हिश्शाचे रक्षण करील. त्याच न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्यविमा मिळतो, तोही उतरवून घ्या.

उत्तर २ (चिकोडी, निवृत्त विशेष शिक्षक):
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५ ने समाजात राहण्याचा हक्क दिलेला आहे, म्हणजे संस्था ही मेहेरबानी नव्हे आणि सक्तीही नव्हे. आपल्या भावाचे डेअरीवर जाणे साधे समजू नका. ती वाट, ती वेळ आणि त्याला नावाने हाक मारणारी माणसे हाच त्याचा खरा आधार आहे, आणि नव्या जागी तो पुन्हा उभा करायला वर्षे लागतात. पंचायतीच्या ग्राम पुनर्वसन कार्यकर्त्याला, म्हणजे गावातल्या दिव्यांगांना मदत करणाऱ्या माणसाला, भेटा. महिन्यातून दोन रात्री त्याला भरवशाच्या शेजाऱ्यांकडे झोपायची सवय आतापासूनच लावा, कारण आईचे जाणे आणि घर सुटणे हे दोन्ही धक्के एकाच दिवशी बसले तर अशी माणसे कोलमडतात. मी हे दोनदा पाहिले आहे.

उत्तर ३ (बेळगाव):
मी बहिणीला संस्थेत ठेवले आहे, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. शेजाऱ्यांनी शब्द दिला होता, पण त्यांच्या मुलांची लग्ने झाली आणि घरात जागा उरली नाही. त्यांनाही दोष देता येत नाही. भाषेच्या अडचणीवर आम्ही एक वही केली. पोटाचे चित्र, खाली 'पोट दुखतंय' आणि त्यापुढे कन्नड उच्चार 'होट्टे नोवु', अशी तीस पाने झाली. तेथील बायका आता तिच्याशी मोडक्या मराठीत बोलतात. शेवटी संस्थाच निवडावी लागली, तर आई असतानाच आधी आठवडाभर ठेवून पाहा, आणि संध्याकाळी सातचा प्रश्न प्रवेशाआधीच लेखी विचारा.