मदत हवी आहे: एम.एस्सी. आयटी की एमसीए? जळगाव की पुणे?

बोरीकाठची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी अमळनेर तालुक्यातली. २०२३ ला बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स झाले, ६८ टक्के. त्यानंतर वर्षभर घर आणि शेत. गेलं दीड वर्ष जळगावला एका डाळ मिलच्या ऑफिसात आहे. हुद्दा 'कॉम्प्युटर ऑपरेटर'. म्हणजे टॅलीत बिलं टाकायची, ई-वे बिल काढायचं आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला की झाकण उघडून ओढायचा. पगार ११ हजार. सकाळी सुरत-भुसावळ लाइनवरची गाडी, परत यायला दिवेलागण.

कॉलेजात शिकलेली जावा आता स्वप्नातही येत नाही. परवा मालकांच्या मुलाने विचारलं, "तुम्ही कॉम्प्युटरवाल्या ना, मग आपलं स्टॉकचं ॲप बनवून द्या की." मी हसले. रात्री गाडीत मात्र हसू आलं नाही.

आता ठरवलंय की पुढे शिकायचं. तीन रस्ते दिसतायत.

पहिला, आपलं उमवि, म्हणजे जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. तिथे एम.एस्सी. आयटी आहे. घरून जाऊन-येऊन करता येईल, आईला तेच हवंय.

दुसरा, पुण्याला जाऊन एमसीए. वर्गातल्या दोघी गेल्या होत्या, दोघी आता हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत आहेत. पण फी लाखाच्या आसपास, वर कॉट बेसिसवर राहणं आणि मेस. वडिलांची साडेतीन एकर कपाशी आहे, भाऊ बारावीला.

तिसरा, नोकरी चालू ठेवून मुक्त विद्यापीठातून एमसीए.

मध्येच एक 'ॲडमिशन सल्लागार' भेटले. म्हणाले, सीईटीची कटकट नको, पुण्याच्या कॉलेजात थेट सीट देतो, आत्ता २५ हजार भरून बुक करा. वडील द्यायला तयार झाले होते, मीच आठ दिवस थांबवलंय. त्यांनी कापूस विकून ठेवलेले पैसे आहेत ते.

तर विचारायचं हे: या तिन्हीत नोकरीच्या दृष्टीने फरक काय? दोन-अडीच वर्षांच्या गॅपचा त्रास होईल का? आणि २५ हजारांचं काय करू?

(विप्रो कंपनी १९४५ साली आमच्या अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्यातून सुरू झाली हे सगळ्यांना ठाऊक असेल. गावातल्या जुन्या कितीतरी घरांत तिचे शेअर होते. आमच्या घरात नव्हते. असते तर हा धागा काढावा लागला नसता.)

भरीतभाकरी

आधी शेवटचं: २५ हजार देऊ नका. आजच फोन करून नाही म्हणा. बाकीचं जेवून लिहितो.

खान्देशी_पुणेकर

मी बी अमयनेरनाच शे, ताई. बारा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, आता मुलाखतीही घेतो, म्हणून बोलतो.

कंपन्यांच्या जाहिरातीत पात्रतेच्या रकान्यात बहुतेक वेळा बीई, बीटेक, एमसीए, एम.एस्सी. (सीएस/आयटी) अशी सगळी नावं एका ओळीत असतात. समोर बसलेल्याला आम्ही एमसीए की एम.एस्सी. हे विचारत नाही. विचारतो ते असं: ही क्वेरी लिहून दाखव, हा लूप कुठे चुकतोय सांग, प्रोजेक्टमधलं तू स्वतः काय केलंस. तिथे दोन्हीकडचे सारखेच अडखळतात.

खरा फरक कॉलेजात कंपन्या येतात की नाही हा. पुण्यात येतात, तेही सगळ्या कॉलेजांत नाही. जळगावला कमी येतात, तिथून बाहेर पडणाऱ्याला स्वतः धावपळ करावी लागते. माझ्या टीममध्ये उमविची एक मुलगी आहे, पहिलं वर्ष तिला जड गेलं, आता माझ्याच चुका काढते.

गॅपचं फार मनावर घेऊ नका. प्रवेशाला गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात, तेवढं करून द्यायचं. मुलाखतीत विचारलं तर डाळ मिलचं खरं सांगा. ई-वे बिल रोज काढणाऱ्या माणसाला जीएसटीचं सॉफ्टवेअर कुठे रडवतं ते आमच्यापेक्षा जास्त कळतं.

आणि विप्रोचा विषय निघालाच आहे तर, त्यांची बी.एस्सी. आणि बीसीए झालेल्यांसाठी एक योजना आहे. नोकरी करता करता एम.टेक., शिक्षणाचा खर्च कंपनीचा, बदल्यात पाच वर्षांचा करार. पण ती नुकत्याच पास झालेल्यांसाठी असते, तुमचं वर्ष बहुधा निघून गेलं. भावाने बी.एस्सी. केलं तर त्याच्या कानावर घाला.

भरीतभाकरी

जेवण झालं. आता नीट वाचा, कारण तुमचा निम्मा प्रश्न पैशांचा आहे आणि त्याचं उत्तर कुणी दिलेलं नाही.

राज्य सरकारचा ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. आधी निम्मं होतं. एमसीए हा व्यावसायिक अभ्यासक्रम आहे. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर.

पण ही माफी मिळते ती सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून सीट घेतली तरच. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था पातळीवर घेतली तर एक रुपया सुटत नाही. तुमचे ते सल्लागार 'थेट सीट' म्हणतात ती हीच. म्हणजे २५ हजार भरून तुम्ही लाखभराच्या माफीवर पाणी सोडणार होता. खाजगी आणि अभिमत विद्यापीठांनाही ही योजना लागू नाही, तेव्हा चकाचक इमारत पाहून भुलू नका. विकास शुल्क वगैरे मात्र भरावं लागतं, ते कॉलेजगणिक वेगळं.

उमविची एम.एस्सी. या कॅपमध्ये येत नाही, तिथे विद्यापीठ स्वतः प्रवेश देतं. तिथल्या फीचं आणि सवलतींचं बांभोरीला जाऊन प्रशाळेच्या ऑफिसातच विचारा. जळगावला रोज येताच, गिरणेचा पूल ओलांडला की विद्यापीठ.

कॅपसाठी सीईटी लागते. गेली काही वर्षं एमसीएची सीईटी मार्चच्या सुमारास होतेय, अर्ज त्याआधी दोनेक महिने. गणित-संख्याशास्त्र, तर्क, इंग्रजी आणि संगणकाचं मूलभूत, १०० प्रश्न, दीड तास. तुमच्या डोक्यात जुनं तीन वर्षांचं एमसीए असेल तर ते गेलं, २०२० पासून दोन वर्षांचंच आहे.

तुम्ही कोणत्या प्रवर्गात येता? आणि जात पडताळणी झालीय का?

बोरीकाठची

ओबीसी. जातीचा दाखला आहे. पडताळणी नाही केली. बारावीला वर्गातल्या इंजिनिअरिंगवाल्यांनी केली होती, मला बी.एस्सी.ला कुणी मागितलीच नाही.

त्या माणसाला फोन केला. म्हणाला, "ताई, नंतर रडत याल." वडिलांना स्पीकरवर ऐकवलं. त्यांनी फोन माझ्या हातातून घेऊन बंद केला आणि पैसे उचलून बियाण्याच्या डब्यात ठेवले.

सेमीकोलन

सीडॅकचा, म्हणजे केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचा, कुणी उल्लेख केला नाही म्हणून. त्यांचा पीजी-डॅक हा कोर्स सहा महिन्यांचा, सी-कॅट परीक्षा देऊन प्रवेश, वर्षात दोन बॅचेस. प्लेसमेंटसाठी नाव चांगलं. पण ती पदवी नाही. फी ९० हजार आणि वर जीएसटी. सकाळपासून रात्रीपर्यंत पिळून काढतात, नोकरी सांभाळून होत नाही. मी केलाय. सहा महिन्यांत सात किलो उतरलो.

जुना_मास्तर

मी धुळ्याला एका कॉलेजात तीसेक वर्षं संगणक शिकवला, आता निवृत्त. बेटा, भरीतभाकरी यांनी पडताळणीचं विचारलं ते फार बरं केलं. आपल्या भागातली पोरं परीक्षेत नापास होत नाहीत, कागदात होतात. माझ्या डोळ्यांदेखत चांगल्या गुणांच्या किती मुलामुलींची राखीव सीट गेली, कारण ऐन जुलैत धावपळ सुरू केली.

ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख लक्षात ठेव. तिच्या आधीचा, घरातल्या कुणाचा तरी जातीची नोंद असलेला कागद हवा. वडील तरुण असतील तर त्यांचा दाखला उपयोगाचा नाही, आजोबांपर्यंत जावं लागेल. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा माग. गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर, आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो ते. पणजोबांच्या घरी मूल जन्मलं असेल तर नोंद सापडते. काही जुनी पानं मोडी लिपीत असतात, ती वाचून घ्यावी लागतात. चुलत्याची किंवा आत्याची पडताळणी झालेली असेल तर तो कागद वंशावळीला जोड, काम हलकं होतं.

सोबत नॉन-क्रिमिलेअर काढ. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा प्रवेशाच्या वेळी चालू असेल असा दाखला हवा. सेतूवाल्याला 'प्रवेशासाठी' एवढंच सांगू नकोस, तारीख दाखवून सांग.

तू दिवाळीनंतर विचारते आहेस, तुझ्याकडे सात-आठ महिने आहेत. पुष्कळ झाले.

आता एम.एस्सी.विषयी, कारण सगळे तिला बाजूला सारतायत. पुढेमागे प्राध्यापकी करायची असेल तर ५५ टक्क्यांनी पदव्युत्तर आणि नेट किंवा सेट परीक्षा लागते, त्याला एम.एस्सी. आणि एमसीए दोन्ही चालतात. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक.ला गेलीस तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन आहे, म्हणजे तुझ्या आत्ताच्या पगारापेक्षा जास्त. तेव्हा एम.एस्सी. म्हणजे पडलेला डाव नव्हे. मुक्त विद्यापीठाची पदवीही कमी नाही, यूजीसीने २०२२ मध्येच ती नियमित पदवीशी समकक्ष असल्याचं स्पष्ट केलंय. इग्नूचं एमसीए दोन ते चार वर्षांत पुरं करता येतं. मान्यता यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत स्वतः पाहायची, एजंटाच्या मोबाइलवर नाही. पण रोज अख्खा दिवस गाडीत आणि मिलमध्ये गेल्यावर रात्री कोड लिहिणं किती जमेल ते तुझं तूच ओळख.

कॉटबेसिस

पुण्यात राहण्याचं: आमच्या वेळी नव्हती, आता ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात, पुण्यासाठी वर्षाला ६० हजारांपर्यंत. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, जागा ठरावीक. पैसे वेळेवर येतीलच असं धरून चालू नका, पहिले चार-पाच महिने घरून निघायला हवेत. ते बियाण्याच्या डब्यातले २५ हजार तिथे कामाला येतील.

आणि येताना कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ आणा. इथे मिळतं, पण ते कळण्याचं नसतं.

बोरीकाठची

सगळ्यांचे आभार मानू तेवढे थोडे. पंधरा दिवसांनी लिहितेय.

एमसीएची सीईटी देतेय. गणिताचं अकरावी-बारावीचं पुस्तक गाडीत घेऊन बसते, धरणगावपर्यंत उभं राहावं लागतं, पुढे जागा मिळते. कॅपमधून चांगलं कॉलेज लागलं तर पुणे, नाहीतर उमवि. बांभोरीला जाऊन आले. ऑफिसातल्या बाईंनी नीट सांगितलं, कधी लक्ष ठेवायचं तेही लिहून दिलं. नोकरी मार्चपर्यंत. मालकांच्या मुलाचं स्टॉकचं ॲपही सुरू केलंय, आत्ता त्यात फक्त तूर आणि हरभरा आहे.

आता नवीन अडचण. आजोबा दुसरीतून शाळा सोडून गुरं राखायला गेले होते, म्हणून मी थेट कोतवाल बुकाच्या मागे लागणार होते. आजोबाच म्हणाले, "नाव तर घातलं होतं माझं." शाळेत गेलो. गुरुजींनी कपाटाच्या वरच्या खणातून कापडी बांधणीचं रजिस्टर काढलं. १९५४ च्या पानावर आजोबा आहेत, जातीचा रकाना भरलेला आहे. आजोबांना नेलं होतं, ते ते पान बराच वेळ धरून बसले.

पण पणजोबांचं नाव तिथे अर्धवट लिहिलंय, घरच्या हाकेचं, आणि सातबाऱ्यावर पूर्ण आहे. जात पडताळणी समिती अडवेल का? मास्तर, वाचताय का?

जुना_मास्तर

वाचतोय. अडवायला नको. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र कर, आणि वंशावळीत दोन्ही नावं 'उर्फ' लावून लिही. उताऱ्यावर मुख्याध्यापकांची सही, शिक्का आणि जावक क्रमांक आहे ना, ते आधी बघ.

बोरीकाठची

सही, शिक्का आहे. जावक क्रमांक राहिलाय. उद्या सकाळची गाडी सोडते आणि आधी शाळेत जाते.