नुजेंट ८, पण सिक्वेन्सिंगमध्ये गार्डनेरेला जवळपास शून्य. चूक कुठे?

प्रश्न (पेट्री):
१८ ते ४५ वयाच्या, गरोदर नसलेल्या स्त्रियांच्या योनिमार्गातील सूक्ष्मजीवांचा अभ्यास सुरू करतोय. प्रत्येकीचे एका पाळीच्या चक्रात तीन स्वॅब घ्यायचे आहेत. चाचणीदाखल १२ नमुने चालवले. त्यातल्या चार जणींचा पीएच ५ च्या वर, नुजेंट स्कोअर (स्लाइड पाहून योनीतल्या जिवाणूंचा असमतोल मोजणारा ० ते १० चा आकडा) ७ ते ८, स्लाइडवर क्लू सेल (जिवाणूंनी झाकलेल्या पेशी) स्पष्ट. तरीही १६एस सिक्वेन्सिंगमध्ये (एका ठरावीक जनुकावरून जिवाणू ओळखण्याची पद्धत) गार्डनेरेला, म्हणजे या असमतोलात वाढणारा जिवाणू, एक टक्कासुद्धा नाही. त्या जनुकाचा व्ही१–व्ही२ भाग, नेहमीचा २७एफ प्रायमर (जनुकाला चिकटून त्याच्या प्रती काढायला सुरुवात करणारा डीएनएचा छोटा तुकडा), डीएनएसाठी प्रोटिनेज के असलेलं साधं कॉलम किट. प्रायमर चुकला की किट? आणि मुख्य अभ्यासाआधी आणखी काय बदलावं?

उत्तर १ (आगरप्लेट):
पहिला संशय प्रायमरवर घ्या. नेहमीचा २७एफ आणि गार्डनेरेलाचा जनुक यांच्यात तीन ठिकाणी अक्षरं जुळत नाहीत, त्यामुळे पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती काढताना) तो मागे पडतो आणि लॅक्टोबॅसिलस, म्हणजे निरोगी योनीतले नेहमीचे जिवाणू, पुढे निघून जातात. आजारी नमुना कागदावर निरोगी दिसतो. या विषयात याहून घातक चूक मला माहीत नाही, कारण पुढचं कुठलंही सॉफ्टवेअर ती दुरुस्त करू शकत नाही.

दोन वाटा आहेत. व्ही१–व्ही२ च ठेवायचा असेल तर २७एफचं मिश्रण वापरा: सुधारित मूळ प्रायमर चार भाग आणि बिफिडोबॅक्टेरिया, बोरेलिया, क्लॅमिडिया यांच्यासाठी बदललेले प्रायमर प्रत्येकी एक भाग. नाहीतर ३४१एफ–८०५आर घेऊन व्ही३–व्ही४ वर या. २×३०० च्या रनमध्ये (दोन्ही टोकांकडून ३००-३०० अक्षरं वाचणाऱ्या) तो नीट बसतो. फक्त व्ही४ घेऊ नका. तुकडा आखूड पडतो, क्रिस्पेटस, गॅसेरी, इनर्स ही लॅक्टोबॅसिलसच्या प्रजातींची नावं खात्रीने वेगळी करता येत नाहीत, आणि या अभ्यासाचा सगळा जीव त्या फरकातच आहे.

किटही बदलाच. नुसत्या प्रोटिनेज के ने ग्राम-पॉझिटिव्ह जिवाणूंची भिंत पुरती फुटत नाही. आधी लायसोझाइम आणि म्युटॅनोलायसिन घालून ३७ अंशांवर तासभर, मग बारीक मण्यांनी बीड-बीटिंग, त्यानंतर कॉलम. प्रत्येक बॅचला एक कोरा स्वॅब, एक नुसत्या रसायनांची नळी, पीसीआरला एक पाण्याची नळी आणि एक ठरावीक घटकांचं मॉक मिश्रण. मॉकमध्ये अपेक्षित प्रमाण आलं नाही तर तिथेच थांबा.

उत्तर २ (सुरक्षादीप):
प्रयोगशाळेचं वर आलंच आहे. पण निम्मा गोंधळ स्वॅब घ्यायच्या आधी होतो, प्रश्नावलीत.

‘गेल्या ३० दिवसांत अँटिबायोटिक घेतलंत का?’ याला बऱ्याच जणी ‘नाही’ म्हणतात आणि ते खोटं नसतं. सरकारी दवाखान्यात पांढरं जाण्यासाठी हिरव्या रंगाचं किट मिळतं. त्यात सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम असतं. बाईच्या लेखी ती ‘पांढऱ्या पाण्याची गोळी’ असते. म्हणून रंग सांगून विचारा, रिकामं पाकीट दाखवा. ‘योनिस्राव’ लिहू नका, ‘अंगावरून पांढरं जातं का’ असं विचारा. ‘तांबी बसवली आहे का’ हा वेगळा प्रश्न ठेवा. ‘धुता का’ याला सगळ्याच हो म्हणतील. बोट आत घालून, साबण किंवा औषध वापरून धुता का, असं विचारावं लागतं. आणि हे सासूसमोर नाही, दार लावून.

पाळी चालू असताना आणि संबंधानंतर ४८ तासांत नमुना नको. वीर्य अल्कधर्मी असतं आणि रक्तानेही पीएच चढतो. पाळीत क्रिस्पेटस उतरून इनर्स वर येणंही नेहमीचं. हा बदलच मोजायचा असेल तर पाळीतले नमुने मुद्दाम घ्या, पण चक्राचा दिवस लिहून ठेवा. गरोदरपणाची लघवीची चाचणी प्रत्येक भेटीला करा. अंगावर पाजत असेल तर तशी नोंद हवी; इस्ट्रोजेन कमी असल्याने तिथे लॅक्टोबॅसिलस विरळ असतात.

स्वॅब स्त्रीने स्वतः घेतला तरी चालतो: चार-पाच सेंटिमीटर आत, भिंतीला टेकवून २० सेकंद गोल फिरवायचा, आत-बाहेर होताना बाहेरच्या त्वचेला लागू द्यायचा नाही. पहिला स्वॅब डीएनएसाठी. दुसरा आधी पीएच पट्टीवर टेकवा, मग स्लाइडवर हलकेच लोळवा. घासलात तर पेशी चिरडतात आणि नुजेंट वाचता येत नाही. डॉक्टर स्पेक्युलम वापरणार असतील तर जेली नको, कोमट पाणी पुरे.

पेट्री:
धन्यवाद. आधीचे १२ नमुने फेकून द्यायचे का?

उत्तर ३ (शून्यरहित):
नका फेकू. राहिलेला डीएनए नव्या प्रायमरने पुन्हा चालवा, म्हणजे प्रायमरचा दोष किती ते कळेल. गार्डनेरेला तरीही कमीच आला तर दोष किटचा. मग उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये दुसरा स्वॅब असेल तर त्यावर नवी पद्धत लावा. पण हे १२ मुख्य अभ्यासात मिसळू नका.

विश्लेषणात तीन ठिकाणी पाय घसरतो. कुठले जिवाणू जास्त आहेत त्यावरून नमुन्यांचे गट पाडण्यासाठी स्वतःचं क्लस्टरिंग करू नका. नमुने बदलले की गटही बदलतात. व्हॅलेन्शिया हे गट ठरवणारं सॉफ्टवेअर वापरा. ते २०२० चं आहे आणि १३,००० हून अधिक नमुन्यांवर बेतलेल्या ठरावीक केंद्रांशी तुमचा नमुना ताडून पाहतं. प्रजातींची नावं त्याच्या यादीतल्या स्पेलिंगप्रमाणेच हवीत. नाव जुळलं नाही तर तो स्तंभ गणतीतच येत नाही आणि गट चुकतो. दुसरं, टक्केवारी म्हणजे संख्या नव्हे. क्रिस्पेटस घटला की गार्डनेरेला वाढला, हे सांगायला एकूण जिवाणूंचं क्यूपीसीआर (डीएनएच्या प्रती मोजणारी पीसीआर) लागतंच. तिसरं, एकीचे तीन स्वॅब म्हणजे तीन स्त्रिया नव्हेत. मॉडेलमध्ये स्त्री हा रँडम इफेक्ट (एकीचे नमुने एकमेकांशी जोडलेले धरणारा घटक) ठेवा, आणि एकीचे तिन्ही नमुने एकाच प्लेटवर, पण विखुरलेल्या खाचांत लावा.